नाशिकच्या थंडीचे बिल कोणी भरायचे?

प्रति,
नाशिक शहर व परिसरातील समस्त वास्तुविशारद, बांधकाम व्यावसायिक आणि त्यांच्या विक्री कार्यालयांतील मंडळी यांस,



नाशिकमध्ये फ्लॅट विकायचा तर हवामानाचे कौतुक पहिल्या पाच मिनिटांत उरकावे लागते, हे आपल्याला सांगायला नको. मुंबईचा घाम इथे नाही, विदर्भाचा उन्हाळा नाही, गोदावरी आहे, द्राक्षे आहेत आणि वर गुलाबी थंडी आहे. पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारी साइट बघायला आलेले गिऱ्हाईक या थंडीवरच निम्मे पाघळते. पुढे ताबा मिळतो, वास्तुशांत होते, पहिला हिवाळा येतो आणि गुलाबी थंडीचा रंग जानेवारीच्या वीजबिलात उतरतो. त्या बिलात महावितरणचा वाटा किती आणि घराच्या आराखड्याचा किती, याचा हिशेब कोणी मागत नाही. या पत्रात तो मागायचा आहे. भाषा सभ्य ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. कुठे तिखट झाली तर तो मुक्काम नाशिकच्या चिवड्याच्या गावचा गुण समजावा.

मुळात नाशिकची थंडी ही ब्रोशरातली शोभेची वस्तू नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरच्या या शहरात 7 जानेवारी 1945 रोजी पारा 0.6 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. शेजारचे निफाड तर दर हिवाळ्यात राज्याच्या बातम्यांत असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा 2018 च्या डिसेंबरअखेरीस दोन अंशांच्याही खाली गेला होता. अशा रात्री निफाड-दिंडोरीचा बागायतदार झोपत नाही. घडांचे मणी तडकू नयेत, त्यात साखर भरायची थांबू नये म्हणून तो बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबक चालू करतो, विहिरीचे कोमट पाणी वेलींच्या मुळाशी सोडतो. एका एकर द्राक्षासाठी थंडीचा एवढा विचार करणाऱ्या जिल्ह्यात, शंभर कुटुंबांच्या इमारतीसाठी तो झाल्याचे कुठल्याही आराखड्यावर दिसत नाही. पार्किंगचा झालेला दिसतो, लिफ्टचा दिसतो, प्रवेशद्वाराच्या कमानीचा तर हमखास दिसतो.

इथे आपल्यापैकी कोणी म्हणेल की ही थंडी जेमतेम अडीच-तीन महिन्यांची, तिच्यासाठी घर कसे बदलायचे? या प्रश्नाचे उत्तर नाशिकच्या हवेतच आहे, आणि ते आपल्या बाजूचे आहे. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहाच्या आसपास असणारा पारा दुपारी अठ्ठावीसपर्यंत चढतो. दोन्हींची सरासरी काढली तर एकोणीस येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घरांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात थंड हवामानात घरातले तापमान किमान 18 अंश असावे असे म्हटले आहे. म्हणजे नाशिकच्या निसर्गाने दिवसभरात लागेल तेवढी ऊब दिलेलीच असते. घराने फक्त दुपारची ऊब पहाटेपर्यंत धरून ठेवायची. दिल्लीला किंवा सिमल्याला हे इतके सोपे नाही. त्याहून कठीण जागी, लडाखमध्ये फे गावाजवळ, सेकमॉल या संस्थेच्या इमारती मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेच्या काचेतून येणारे ऊन यांच्या जोरावर हिवाळा काढतात. तिथे रात्री पारा शून्याच्या खाली पंधरा-वीस अंश जातो. नाशिकला त्याच्या दहाव्या हिश्शाची हुशारीही पुरेल.

ती न वापरल्याची किंमत आता रुपयांत पाहू. चौघांचे कुटुंब घ्या, एसी नाही, ऑक्टोबरातला वापर 90 युनिट. हिवाळ्यात नळाचे पाणी सोळा अंशांवर येते. वीस लिटरची बादली चाळीस अंशांपर्यंत तापवायला साधारण 0.56 युनिट वीज लागते. हे पाण्याचे गणित आहे, यात कुठल्या कंपनीचा गिझर आहे याने फरक पडत नाही. चार बादल्या, तीस दिवस: 67 युनिट. वापर झाला 157. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांना 4.71 रुपये आणि त्यापुढच्या दोनशे युनिटांना 10.29 रुपये असा दर होता, शिवाय प्रत्येक युनिटमागे 1.17 रुपये वहन आकार आणि एकूण रकमेवर 16 टक्के वीज शुल्क. स्थिर आकार बाजूला ठेवला तर ऑक्टोबरात सहाशे रुपयांच्या थोडे वर असलेले बिल जानेवारीत चौदाशेच्या पुढे जाते. वापर पाऊणपट वाढला आणि पैसे सव्वादोनपटीहून अधिक! शंभर युनिटांचा उंबरठा ओलांडला की काय होते, हे नाशिकच्या मध्यमवर्गीय घरात आता शाळकरी पोरही सांगते.

त्यात खोली गरम करायचा ब्लोअर आला की विचारूच नका. मेनरोडवरच्या दुकानांत नोव्हेंबरपासून हे ब्लोअर ओळीने मांडलेले असतात. दोन हजार वॅटचा ब्लोअर रोज चार तास चालला तर महिन्याला 240 युनिट जातात आणि वर सांगितलेल्या 157 युनिटवाल्या घरात तो एकटा साडेतीन हजारांच्या आसपास भर घालतो. दुकानदार ऑइल हीटर जास्त किफायतशीर असल्याचे सांगतो. तसे काही नसते. तार तापवून ऊब देणाऱ्या कुठल्याही यंत्रातून एका युनिटला एकाच युनिटची उष्णता मिळते, मग ते यंत्र आठशेचे असो वा आठ हजारांचे. उष्णता बाहेरून ओढून आत आणणारा, हॉट-अँड-कोल्ड म्हणून विकला जाणारा एसी तेवढ्याच विजेत तिपटीच्या आसपास ऊब देतो, पण घरोघरी बसलेले बहुतेक एसी नुसते थंड करणारे.

तेव्हा तक्रारी. पहिली गरम पाण्याची, कारण नाशिकच्या हिवाळ्यातले बिल खरे वाढते ते न्हाणीघरात.

राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2020 च्या डिसेंबरात लागू झाली. मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींना सोलर वॉटर हीटर किंवा सौर वीजपट्ट्या बसवण्याची तरतूद तिच्यात आहे. म्हणून गच्चीवर सोलर असते. प्रश्न गच्चीवरून खाली यायचा आहे. सातमजली इमारतीच्या टाकीपासून पहिल्या मजल्याच्या नळापर्यंत आडवी-उभी मिळून तीसेक मीटर नळी होते. एक इंची नळीत तेवढ्या लांबीत जवळपास पंधरा लिटर पाणी मावते. रात्रभर ते पाणी नळीत थंड होते, कारण नळीला उष्णतारोधक आवरण नसते आणि पाणी फिरते ठेवणारी परतीची लाइनही नसते. सकाळी पहिल्या मजल्यावरची बाई नळ सोडते, बादलीभर गार पाणी मोरीत जाते, कोमट येऊ लागते तोवर मुलाची रिक्षा दाराशी आलेली असते. चार दिवस हे झाले की ती मुकाट्याने गिझरचे बटण दाबते. सोसायटीच्या पुढच्या सभेत कोणीतरी ‘सोलर काही कामाचे नाही’ म्हणतो, काचेच्या नळ्या फुटल्या तरी बदलल्या जात नाहीत, आणि तीन वर्षांत गच्चीवर फक्त सांगाडा राहतो. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या हिशेबाने शंभर लिटरचा सोलर वर्षाला 1500 युनिटपर्यंत वीज वाचवू शकतो. डिसेंबरात निरभ्र आकाश असलेल्या नाशिकला त्यासाठी याहून चांगली हवा कुठून आणायची? यंत्र चांगले, ऊन चांगले, आणि सगळे नासते ते नळीवर न चढवलेल्या आवरणापायी. ते आवरण बांधकाम चालू असताना चढवणे हे आपल्या खर्चातले सर्वांत किरकोळ काम. भिंत बुजल्यावर ते कोणालाच जमत नाही.

दुसरी खोड म्हणजे सोलरची लाइन एकाच न्हाणीघराला देणे. ती बहुधा पाहुण्यांच्या न्हाणीघरात निघते.

जुन्या नाशिकने हा प्रश्न कसा सोडवला होता, ते पाहण्यासारखे आहे. भांडी बाजारात अजून कुठेकुठे तांब्याचा बंब बघायला मिळतो. उभे गोल पोट, मधोमध आरपार गेलेली नळी, तळाशी जाळी. नळीत ढलप्या, गोवऱ्यांचे तुकडे किंवा कोळसा टाकायचा. जाळ पाण्याच्या पोटातूनच वर जात असल्याने त्याची बरीचशी ऊब पाण्यालाच मिळते. वरच्या नरसाळ्यात गडूभर थंड पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर ढकलले जाते. घ्याल तेवढे भरल्याशिवाय पाणी मिळत नाही, म्हणून बंब कधी रिकामा जळत नाही. आजचा साठवणीचा गिझरही याच युक्तीवर चालतो. धुराच्या आठवणी काढून उसासे टाकण्याचे कारण नाही, सरपण गोळा करणाऱ्या बायकांना बंब गेल्याचे दुःख झालेले नाही. पण त्याची जागा लक्षात ठेवावी: बंब परसात, चौकाच्या कडेला, उघड्या हवेत असायचा. जाळ बाहेर, अंघोळ आत.

इथून तिसऱ्या तक्रारीकडे यावे लागते, आणि तिच्यात थट्टेला जागा नाही. वीज महाग पडते म्हणून घरोघरी गॅस गिझर आले. हिशेब सरळ आहे: वर सांगितलेल्या चार बादल्यांना महिन्याला साडेसहा किलोच्या आसपास गॅस पुरतो, म्हणजे अर्ध्या सिलिंडरहून थोडा कमी. आठशे-साडेआठशे रुपयांची वीज वाचते आणि गॅस चारशेचा जातो. हा हिशेब करणाऱ्याला कोणी मूर्ख म्हणू नये. परंतु गॅस जळताना खोलीतला प्राणवायू खातो, आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणसाला गुंगी येते आणि दार उघडायला हात उचलत नाही. गिझरच्या वायूने न्हाणीघरात दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठून ना कुठून येतात.

त्या बातम्यांत आपला काय संबंध, असे वाटेल. आपल्या इमारतींतले न्हाणीघर डोळ्यांसमोर आणा. चार फूट बाय सात फूट. वर काचेच्या तिरप्या पट्ट्यांची खिडकी, जी कधीच पूर्ण बंद होत नाही. डिसेंबरच्या पहाटे त्या पट्ट्यांतून अंगावर असा वारा येतो की साबण लावलेला माणूस थरथरतो. मग घरातला कर्ता पुरुष एका रविवारी त्या पट्ट्यांवर पुठ्ठा किंवा प्लास्टिक चिकटवतो. आणि गॅस गिझर त्याच भिंतीवर असतो, कारण गरम पाण्याची नळी आपण तिथेच काढून दिलेली असते, बाहेर काढलेलीच नसते. थंडीपासून वाचायला हवा बंद करायची आणि जिवंत राहायला ती चालू ठेवायची, असा पेच आपण आराखड्यात मांडून ठेवला आहे. ड्राय बाल्कनीत, उघड्या हवेवर, गिझरला एक जागा, गॅसची एक जोडणी आणि तिथून न्हाणीघरापर्यंत गरम पाण्याची नळी एवढे दिले की पेच सुटतो. वॉशिंग मशीनसाठी नळ, सांडपाण्याची वाट आणि प्लगची जागा आपण न विसरता ठेवता. त्याच्याच शेजारी हे व्हावे.

जाता जाता वाचकांसाठी: ज्यांच्याकडे आत्ता गॅस गिझर न्हाणीघरात आहे, त्यांनी तो पुठ्ठा आजच काढावा, बादल्या आधी भरून घ्याव्यात, गिझर बंद करून मगच दार लावावे. आणि कोळशाची शेगडी पेटवून बंद खोलीत कोणी झोपू नये, बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नाही.

आता भिंती. वाड्याची भिंत दीड-दोन हात जाड असे आणि हिवाळ्यात घरातली म्हातारी-कोतारी माजघरात निजत. माजघराला बाहेरची भिंतच नसे, चारी बाजूंनी खोल्या, एकीकडे स्वयंपाकघराची चूल. पेशवाईतल्या सरकारवाड्यासारखी वास्तू आता कोणी बांधणार नाही, बांधूही नये. पण पातळपणालाही काही मर्यादा हवी. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सहा इंची काँक्रीटची भिंत झटपट उभी राहते हे खरे. तिच्यातून जेवढी उष्णता निसटते, तिच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास उष्णता आठ इंची एएसी ब्लॉकच्या भिंतीतून निसटते. असले ब्लॉक औष्णिक केंद्रांतल्या राखेपासून होतात, आणि राखेसाठी नाशिकला लांब जायला नको: एकलहऱ्याचे 630 मेगावॉटचे केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. ज्या केंद्राची वीज जाळून घर गरम करायचे, त्याच केंद्राची राख भिंतीत घातली तर वीज कमी जळेल.

भिंत पातळ का होते, यामागे एक कायद्याची गंमत आहे. रेराने चटई क्षेत्राची व्याख्या केली ती ग्राहकाच्या भल्यासाठी. त्या क्षेत्रात घराच्या आतल्या भिंती मोजल्या जातात, बाहेरच्या मोजल्या जात नाहीत. बाहेरची भिंत दोन इंच जाड केली तर त्या दोन इंचांचे पैसे चटई क्षेत्राच्या भावात मिळत नाहीत. म्हणून थंडी-ऊन झेलणारी भिंत नेमकी सडपातळ राहते. व्यापार म्हणून हे समजण्यासारखे आहे. मात्र विकत घेणाऱ्याला ते आधी सांगावे: बाहेरची भिंत कशाची, किती इंचांची. आज सुविधांच्या यादीत फ्लशच्या टाकीची कंपनी सापडते, भिंतीची जाडी सापडत नाही.

छताचे दुःख वरच्या मजल्यावरच्यांना विचारावे. निरभ्र रात्री उघडा स्लॅब आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि पहाटे तो छत नसून बर्फाची लादी वाटतो. मे महिन्यात तोच तव्याचे काम करतो. पूर्वी गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा घालत. पाणी अडवण्यासाठी घालत, पण थंडी-उन्हालाही तो थोडाफार आडोसा होई. आता अनेक ठिकाणी त्याऐवजी पातळ रासायनिक थर येतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 14 डिसेंबर 2018 रोजी घरांसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. तिच्यात छतातून उष्णता किती झिरपावी याची मर्यादा 1.2 आहे, दर चौरस मीटरला दर अंशामागे इतके वॅट. उघड्या आरसीसी स्लॅबचा आकडा याच्या अडीच-तीनपट भरतो. भिंती-खिडक्यांसाठीही तिच्यात मर्यादा आहेत, आणि 2022 च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने शंभर किलोवॉट वा अधिक जोडभाराच्या निवासी इमारतींना असल्या संहितेच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली आहे. कायदा येईल तेव्हा येईल. आपल्यापैकी किती जणांनी ही संहिता निदान चाळली आहे, हे आपणच सांगावे.

आणि ऊन! नाशिकला फुकट मिळणारी ऊब ती हीच. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे 46 अंशांवर असतो. जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. म्हणजे दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा दिला तर जूनच्या दुपारी तिच्यातून ऊन येत नाही आणि डिसेंबरच्या दुपारी खिडकीचा निम्मा भाग उन्हाने भरतो, सकाळी-संध्याकाळी त्याहून अधिक. एवढी सोय दुसरी कुठलीच दिशा देत नाही. आणि नाशिकच्या बाजारात पडेल भावाची दिशा कुठली? तीच. ब्रोशरवर ‘शंभर टक्के वास्तुशास्त्रानुसार’ छापलेले असते, यमाच्या दिशेला शक्यतो पाठ केलेली असते, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांची खोली उत्तरेला, डक्टच्या सावलीत जाते. वास्तुशास्त्राशी भांडण नाही. दार कुठे असावे ते त्याने ठरवावे. पण हिवाळ्यात म्हाताऱ्यांच्या पलंगावर किती तास ऊन येईल, हेही कोणीतरी ठरवायला हवे. ज्या कॉम्प्युटरवर आपण इमारतीची देखणी चित्रे काढता, त्यावर 22 डिसेंबरच्या सावल्या काढायला काही मिनिटे पुरतात. शेजारची पुढची इमारत ते ऊन अडवणार असेल तर तेही त्यात दिसेल.

खिडक्यांचे थोडक्यात सांगायचे. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या झडपांना केसाळ पट्टी बसवा, दोन झडपांच्या सांध्यातून बोट जाईल एवढी फट ठेवू नका. व्हिट्रिफाइड फरशीबद्दल तर बोलायलाच नको. ती चकचकीत दिसते, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिच्यावर अनवाणी चालायची कोणाची छाती होत नाही. सतरंज्यांचा धंदा आपल्यामुळे चालतो, एवढे पुण्य मान्य.

रहिवाशांनी काहीच करू नये असे नाही. दुपारी दक्षिण-पश्चिमेचे पडदे उघडे ठेवावेत आणि सूर्य कलला की लगेच ओढून घ्यावेत. गिझरचा काटा साठावरून पंचेचाळीस-पन्नासवर आणावा. शॉवरऐवजी बादली घ्यावी. गोधड्या कपाटातून खाली काढाव्यात. गिझरवरचे तारे टाकीतली ऊब किती टिकते ते सांगतात, म्हणून सकाळभर चालू ठेवायचा असेल तर ते तारे मोजावेत. हे सगळे लोक करतातच. पण पडद्याने भिंत जाड होत नाही, आणि गोधडीने सोलरच्या नळीवर आवरण चढत नाही. ती कामे आपली.

शेवटची तक्रार फ्लॅटमालकांची नाही. पाथर्डी फाट्यापासून आडगाव-म्हसरूळपर्यंत जिथे जिथे टॉवर उभे राहत आहेत, तिथे कुंपणाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग असते. भिंत पत्र्याची, छप्पर पत्र्याचे, खाली मुरूम. तिथे मजूर, त्यांच्या बायका आणि तान्ही मुले राहतात. पारा आठ-नऊवर उतरलेल्या रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. मग सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, लाकडी फळ्यांचे तुकडे, प्लास्टिक, जे हाती लागेल ते जळते, आणि दार लावून घेतले की धूर आतच राहतो. इमारत कामगारांसाठीच्या 1996 च्या केंद्रीय कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने मजुरांना कामाच्या जागी वा जवळ राहण्याची तात्पुरती सोय विनामोबदला करून देणे मालकावर बंधनकारक केले होते. त्या सोयीत राख-विटांची कंबरभर भिंत, पत्र्याखाली उष्णतारोधक थर, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांची झोपायची जागा, आणि सामायिक न्हाणीघरापाशी एक सोलर, इतके बसू शकते. हा सोलर एका साइटवरून दुसऱ्या साइटवर नेताही येतो. सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदाराच्या केबिनलाही हाच न्याय लावावा. रात्रभर पुठ्ठे जाळून हात शेकणारा माणूस आपल्याच प्रकल्पाच्या पाटीखाली बसलेला असतो.

तर मागणे असे. पुढच्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात प्रत्येक फ्लॅटपुढे चार गोष्टी छापा: बाहेरची भिंत कशाची आणि किती जाड, छतावर उष्णतारोधक थर आहे की नाही, 22 डिसेंबरला दिवाणखान्यात आणि झोपायच्या खोल्यांत किती तास ऊन येते, आणि सोलरचे गरम पाणी तळमजल्याच्या नळाला किती वेळात पोचते. गॅस गिझरची जागा न्हाणीघराबाहेर दाखवल्याशिवाय आराखडा मंजुरीला पाठवू नका. जुन्या इमारतींतल्या सोसायट्यांनी मागितल्यास सोलरच्या नळ्यांचे नकाशे त्यांना काढून द्या, म्हणजे निदान डक्टमधल्या उघड्या नळीवर तरी आवरण चढवता येईल. महापालिकेच्या नगररचना विभागाकडे या पत्राची प्रत जात आहे. भोगवटा दाखला देताना अधिकाऱ्यांनी गच्चीवर सोलर आहे का एवढेच न पाहता खालच्या मजल्यावर नळ सोडून बघावा, ही विनंती त्यांना वेगळी करायची आहे.

घर घेणाऱ्यांनाही एक सांगणे. सॅम्पल फ्लॅट बघायला रविवारी दुपारी न जाता जानेवारीतल्या एखाद्या सकाळी सात वाजता जा, आणि आधी न्हाणीघरातला नळ सोडा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
सातमजली इमारतीच्या सातव्या मजल्यावरचा एक नाशिककर